तीन नावांचा एक आजार : लँगरहान्स पेशी हिस्टिओसायटोसिसची दीडशे वर्षे

१८९३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात डॉ. आल्फ्रेड हँड या तरुण बालरोगतज्ज्ञाने एका तीन वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलाची तहान कशानेही भागत नव्हती आणि प्यालेले सारे पाणी लघवीवाटे निघून जात होते. त्याचे डोळे खोबणीतून पुढे आले होते, यकृत आणि प्लीहा वाढली होती. मूल दगावले. शवविच्छेदनात कवटीचे हाड एका ठिकाणी मऊ आणि पिवळसर पडलेले आढळले. हँड यांनी लेखाला शीर्षक दिले, 'बहुमूत्रता आणि क्षयरोग'.

निदान चुकीचे होते, पण त्या काळाला धरून होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केल्याला तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. हाड पोखरणारा, अवयव सुजवणारा, मुलांना झिजवणारा आजार म्हटला की वैद्यांच्या मनात पहिले नाव क्षयाचेच येई. जिवंत मुलाच्या कवटीत डोकावून पाहण्याचे साधनही नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला आणखी दोन वर्षे अवकाश होता.

ज्या आजाराने ते मूल गेले त्याला आज 'लँगरहान्स पेशी हिस्टिओसायटोसिस' म्हणतात. हिस्टिओसाइट म्हणजे शरीराच्या उतींमध्ये वस्तीला असलेली, मूळची रक्षक वर्गातील पेशी. या आजारात तिच्यासारख्या दिसणाऱ्या पेशी भलत्या ठिकाणी गोळा होतात, इतर पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात आणि आसपासची उती पोखरतात. आजार दुर्मिळ आहे. दरवर्षी दहा लाख मुलांमागे साधारण पाच नवे रुग्ण, असा पाश्चात्त्य देशांतील नोंदींचा अंदाज आहे. परंतु त्याची रूपे इतकी भिन्न आहेत की दोन रुग्ण शेजारी उभे केले तर त्यांचा आजार एकच आहे यावर विश्वास बसू नये. एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर टेंगूळ येते, तपासणीत हाडात एक छिद्र दिसते आणि काही महिन्यांत ते आपोआप भरूनही येते. एखाद्या सहा महिन्यांच्या बाळाच्या अंगावर लालसर खपल्या येतात, पोट फुगते, रक्तपेशी घटतात आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर ते वाचत नाही.

वैद्यकाने या रूपांना वेगवेगळे आजार मानले, वेगवेगळी नावे दिली आणि नावांनुसार वेगवेगळे उपचार केले. रूपे अनेक, आजार एक, हे समजायला शतक उलटावे लागले.

क्ष-किरणांतील नकाशा

१९१५ साली व्हिएन्नातील आर्टुर श्युलर यांनी कवटीतील विलक्षण छिद्रांविषयी लेख लिहिला. कवटीच्या क्ष-किरण चित्रांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या पहिल्या पिढीतील हा डॉक्टर. कवटीच्या तळाच्या क्ष-किरण प्रतिमांवरचे त्यांचे पुस्तक १९०५ सालीच निघाले होते. त्यांच्या रुग्णांच्या चित्रांत कवटीवर मोठमोठे, वेड्यावाकड्या कडांचे पोकळ भाग दिसत होते, जणू नकाशातील देशांच्या सीमाच. 'नकाशासारखी कवटी' हा शब्दप्रयोग क्ष-किरणतज्ज्ञांच्या भाषेत आजही टिकून आहे. हँड यांना जे मृत्यूनंतर दिसले, ते श्युलर यांना जिवंत मुलांत दिसत होते.

थोड्याच वर्षांनी, १९१९-२० च्या सुमारास, बॉस्टनचे हेन्री ख्रिश्चन यांनी एका पाच वर्षांच्या मुलीची नोंद केली. कवटीत छिद्रे, पुढे आलेले डोळे आणि न भागणारी तहान, अशी तीन लक्षणे तिच्यात एकत्र होती. हा दोष पीयूषिका ग्रंथीचा असावा, असे त्यांनी मानले. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या या ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते आणि ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. ग्रंथीच्या देठाशी हिस्टिओसाइटांची गर्दी झाली की हा निरोप थांबतो आणि पाणी वाहून जाते. या अवस्थेला 'डायबेटिस इन्सिपिडस' म्हणतात. रक्तातील साखरेशी तिचा काहीही संबंध नाही.

१९२१ साली हँड यांनी आपली जुनी नोंद नव्या नोंदींसोबत पुन्हा मांडली. या वेळी शीर्षकात क्षयरोग नव्हता. हा पीयूषिकेचा दोष आहे काय, असा प्रश्न मात्र शीर्षकातच होता. पुढे तिघांची नावे जोडून 'हँड-श्युलर-ख्रिश्चन आजार' हे नाव रूढ झाले. श्युलर यांचे उत्तरायुष्य मात्र करुण ठरले. ते ज्यू होते. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले. १९५७ साली ते दूर मेलबर्नमध्ये निवर्तले.

बाळांचा आजार आणि हाडाचा आजार

दरम्यान युरोपात एक वेगळेच चित्र पुढे येत होते. १९२४ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ एरिश लेटरर यांनी सहा महिन्यांच्या बाळाच्या झपाट्याने मृत्यूकडे गेलेल्या आजाराचे वर्णन केले. १९३३ साली स्वीडनचे स्टुरे सीवे यांनी सोळा महिन्यांच्या मुलीची नोंद देऊन अशा आधीच्या नोंदी एकत्र केल्या. ताप, पुरळ, वाढलेले यकृत व प्लीहा, सुजलेल्या लसिका ग्रंथी, रक्तस्राव, आणि सर्वत्र हिस्टिओसाइटांची दाटी. १९३६ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी याला 'लेटरर-सीवे आजार' म्हटले. वर्षानुवर्षे रेंगाळणारा हँड-श्युलर-ख्रिश्चन आजार आणि आठवड्यांत बाळ नेणारा हा आजार यांचे काही नाते असेल, असे फार थोड्यांना वाटले.

१९४० साली तिसरे नाव आले. न्यूयॉर्कमधील दोन गटांनी, एकीकडे ओटानी व एर्लिक यांनी आणि दुसरीकडे लिक्टनस्टाइन व जाफे यांनी, हाडातील एकाकी गाठीचे वर्णन केले. क्ष-किरणांत ती कर्करोगासारखी भासे, पण सूक्ष्मदर्शकाखाली हिस्टिओसाइटांसोबत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे थवे दिसत. गाठ खरवडून काढली की बहुतेक रुग्ण बरे होत. तिला 'इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा' हे नाव मिळाले.

या काळात नावाप्रमाणे उपचारही कसे बदलत गेले ते पाहण्याजोगे आहे. जुन्या गाठींतील पेशी मेदाने फुगलेल्या दिसत. म्हणून १९२८ नंतर बरीच वर्षे हँड-श्युलर-ख्रिश्चन आजाराची गणना कोलेस्टेरॉल साठण्याच्या विकारांत होत राहिली. वस्तुतः तो मेद आजाराचे कारण नव्हता. जुनाट झालेल्या गाठीत मागे राहिलेला तो अवशेष होता. लेटरर-सीवे आजारामागे जंतू असावा असे काहींना वाटे, म्हणून स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध हाती येताच ते या बाळांनाही देऊन पाहण्यात आले. हाडातील गाठींवर क्ष-किरणांचा मारा होई. ज्याला जे कारण वाटे, त्याचा उपचार तो करी.

तिन्ही नावांच्या मुळाशी एकच विकार असावा, हे स्पष्टपणे सुचवले ते बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी, १९४१ साली. पुढे १९४८ मध्ये बालकांच्या रक्तकर्करोगावर अमिनोप्टेरिनचा पहिला परिणामकारक प्रयोग करून जगप्रसिद्ध झालेले फार्बर हेच. गाठ हाडातील असो, कवटीतील असो वा यकृतातील, तिच्यातील मुख्य पेशी सारखीच दिसते, एवढ्याच आधारावर त्यांचे अनुमान उभे होते.

बारा वर्षांनी, १९५३ साली, लुई लिक्टनस्टाइन यांनी या अनुमानाला नाव दिले. तिन्ही आजार एका छत्राखाली आणून त्यांनी त्याला 'हिस्टिओसायटोसिस एक्स' म्हटले. रोंटगेन यांनी आपल्या अज्ञात किरणांना ज्या अर्थाने एक्स म्हटले आणि मराठीने ज्याचा 'क्ष' केला, त्याच अर्थाचा हा एक्स. पेशी माहीत आहे, कारण अज्ञात आहे. या आजाराला मिळालेल्या नावांपैकी हे सर्वांत प्रामाणिक म्हणावे लागेल.

सोन्याने रंगवलेली पेशी

एक्सची जागा ज्या माणसाच्या नावाने घेतली, त्याला हा आजार कधीच ठाऊक नव्हता. पाउल लँगरहान्स १८६८ साली बर्लिनमध्ये वैद्यकाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. ज्युलिअस कोनहाइम यांच्याकडून शिकलेल्या पद्धतीने त्याने मानवी त्वचेचा पातळ काप सोन्याच्या क्लोराइडात भिजवला. हे द्रव्य मज्जातंतूंना काळे रंगवते, म्हणून त्वचेतील मज्जातंतूंची टोके शोधण्याचा त्याचा मानस होता. त्याला त्वचेच्या वरच्या थरात झाडासारख्या फांद्या पसरलेल्या पेशी दिसल्या. त्याने त्यांना मज्जापेशी मानले. पुढल्याच वर्षी आपल्या प्रबंधात त्याने स्वादुपिंडातील पेशींच्या लहान बेटांचे वर्णन केले. इन्शुलिन स्रवणारी, 'लँगरहान्सची बेटे' म्हणून शाळेच्या पुस्तकांत येणारी बेटे तीच. क्षयाने ग्रासलेले लँगरहान्स पुढे हवापालटासाठी मदेइरा बेटावर गेले, तेथे समुद्री कृमींचा अभ्यास करत राहिले आणि १८८८ साली, चाळिसाव्या वर्षी, वारले. हँड यांचा लेख त्यानंतर पाच वर्षांनी आला.

त्वचेतील त्या फांद्यांच्या पेशी पुढे जवळजवळ शतकभर कोडे बनून राहिल्या. १९६१ साली मायकेल बर्बेक आणि सहकारी कोडाने पांढऱ्या पडलेल्या त्वचेचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करत होते. त्यांना लँगरहान्स पेशींच्या आत सूक्ष्म दांड्या दिसल्या. काहींचे एक टोक फुगलेले, हुबेहूब टेनिसच्या रॅकेटसारखे. दुसऱ्या कोणत्याही पेशीत असे काही नव्हते. त्यांना 'बर्बेक कण' म्हणू लागले.

१९६५ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वाझ बासे यांनी फुप्फुसाच्या हिस्टिओसायटोसिस एक्सचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पेशींत दांड्यांसारखे चमत्कारिक कण होते. बासे आणि त्यांचे सहकारी तुरिआफ यांनी ते कण 'बहुधा विषाणूजन्य' असल्याचे शीर्षकातच लिहिले. साहजिकच होते, कारण अज्ञात आजारामागे विषाणू शोधण्याचे ते दिवस होते. परंतु ते कण म्हणजे चार वर्षांपूर्वी निरोगी पेशींत दिसलेले बर्बेक कणच होते, हे लवकरच ध्यानात आले. लंडनची त्वचा आणि पॅरिसचे फुप्फुस यांत एकच खूण सापडली होती. १९७३ पर्यंत ख्रिश्चन नेझेलोफ आणि सहकाऱ्यांनी या आजारातील पेशी लँगरहान्स पेशीच्या वंशातील असल्याचा निष्कर्ष मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन यांनी रोगप्रतिकारक यंत्रणेतील वृक्षाकार पेशींचे वर्णन केले. लँगरहान्स पेशी याच परिवारातल्या. मज्जासंस्थेशी त्यांचा संबंध नव्हता. त्या त्वचेवरच्या पहारेकरी होत्या.

१९८५ साली जगभरच्या डॉक्टरांनी 'हिस्टिओसाइट सोसायटी' स्थापन केली आणि १९८७ साली एक्स काढून 'लँगरहान्स पेशी हिस्टिओसायटोसिस' हे नाव स्वीकारले. निदानाचे निकषही ठरले. नमुन्यात बर्बेक कण किंवा सीडी-१ए हे प्रथिन सापडले पाहिजे. पुढे बर्बेक कण घडवणारे लँगेरिन हे प्रथिन हाती आल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गरज उरली नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रंग चढवूनच ते ओळखता येऊ लागले. एक नाव, एक निकष. त्यामुळे प्रथमच अनेक देशांतील मुलांची माहिती एकत्र करून औषधांची तुलना करता येऊ लागली.

सदाफुलीचे औषध

त्या तुलनेत टिकलेल्या उपचारांचा कणा म्हणजे प्रेडनिसोन हे स्टिरॉइड आणि व्हिनब्लास्टिन. दुसऱ्या औषधाचे मूळ मराठी घरांच्या अंगणात आहे. ते सदाफुलीच्या पानांतून निघते.

त्याची कथाही लँगरहान्सच्या नावाशी वळसा घेऊन येते. टोरांटोत १९२१ साली बँटिंग यांच्या इन्शुलिनच्या प्रयोगांत मदतनीस म्हणून चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल असे दोन विद्यार्थी होते. आधी कोणी काम करायचे हे नाणे उडवून ठरले, असे सांगितले जाते. कौल बेस्टच्या बाजूने लागला आणि लँगरहान्सच्या बेटांतील संप्रेरकाच्या इतिहासात बेस्टचे नाव राहिले. तीस वर्षांनी, १९५२ साली, डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकातून सदाफुलीची पंचवीस पाने आली. तिथे लोक मधुमेहावर त्यांचा चहा घेत. नोबल यांनी ती पाने संशोधक असलेल्या आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे, धाडली. रक्तातील साखरेवर त्या अर्काचा फारसा परिणाम दिसेना, पण उंदरांच्या पांढऱ्या रक्तपेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यामागचे द्रव्य चार्ल्स बीअर यांच्यासह शोधून १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळे केले गेले. पेशी विभागताना गुणसूत्रांना ओढणाऱ्या सूक्ष्म नलिका हे द्रव्य जुळू देत नाही. साखरेच्या मधुमेहासाठी शोधले गेलेले हे औषध शेवटी अशा मुलांच्या कामी आले ज्यांच्यापैकी काहींना साखरेशी संबंध नसलेला दुसराच 'डायबेटिस' झालेला असतो.

१९९१ साली सोसायटीची पहिली आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली, मागोमाग दुसरी आणि तिसरी. यकृत, प्लीहा किंवा अस्थिमज्जा ग्रासलेल्या मुलांची स्थिती सर्वांत धोक्याची असते. या गटात पाच वर्षांनंतर हयात असलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या चाचणीत ६२ टक्के, दुसऱ्या चाचणीत ६९ टक्के आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या चाचणीत ८४ टक्के होते. या वाढीमागे कोणतेही नवे चमत्कारी औषध नव्हते. पहिले सहा आठवडे संपल्यावर प्रतिसाद पुरेसा नसेल तर तीव्र उपचार पुन्हा द्यायचे आणि एकूण काळ बारा महिने ठेवायचा, अशी ही शिस्त होती. ज्या मुलांत धोक्याचे अवयव सुटले होते, त्यांच्यातही सहा महिन्यांऐवजी बारा महिने औषध दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण ५४ वरून ३७ टक्क्यांवर आले.

दाह की अर्बुद?

इतके होऊनही मूळ प्रश्न सुटला नव्हता. या पेशी गोळा होतात त्या कोणाच्या हाकेला ओ देऊन, की त्यांचे स्वतःचेच काही बिघडलेले असते? रोगप्रतिकारक यंत्रणेचा अतिरेक म्हणायचा की अर्बुद?

पहिले ठोस उत्तर १९९४ साली आले, आणि तेही एका एक्सच्या मदतीने. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि भ्रूणावस्थेतच त्यांतील एक यदृच्छेने निष्क्रिय होते. अनेक पेशी एखाद्या हाकेने जमा झाल्या असतील, तर काहींत आईकडचे आणि काहींत वडिलांकडचे एक्स सक्रिय असेल. सर्व पेशी एकाच पेशीची संतती असतील, तर सर्वांत एकच सक्रिय असेल. मुलींच्या आणि स्त्रियांच्या नमुन्यांत हे तपासल्यावर दुसरी शक्यता खरी ठरली. जमाव म्हणून पाहिला जाणारा तो एका पेशीचा वंश होता.

त्या पूर्वज पेशीत बिघडले काय, हे २०१० साली बॉस्टनमध्ये कळले, फार्बर यांचे नाव धारण करणाऱ्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेत. ६१ नमुन्यांपैकी ३५ मध्ये बीआरएएफ या जनुकात तेच उत्परिवर्तन सापडले, जे २००२ साली त्वचेच्या मेलानोमा कर्करोगात सापडले होते. डीएनएतील एका अक्षराचा बदल, आणि प्रथिनाच्या ६०० व्या स्थानी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल. बीआरएएफ हे पेशीच्या पृष्ठभागावरून केंद्रकापर्यंत 'वाढ' हा निरोप पोहोचवणाऱ्या साखळीतील एक कडी आहे. विजेच्या बटणासारखी ती एरवी हाताच्या दाबाने लागते आणि सुटते. या एका बदलाने बटण दाबलेलेच राहते. २०१४ साली, ज्या रुग्णांत हे उत्परिवर्तन नव्हते त्यांच्यापैकी अनेकांत साखळीतील पुढच्याच कडीचा, एमएपी२के१ जनुकाचा, दोष आढळला.

त्याच वर्षीच्या आणखी एका संशोधनाने तीन नावांचे कोडे उलगडले. ज्यांच्या अनेक अवयवांत आजार पसरला होता, त्या मुलांच्या अस्थिमज्जेतील आद्य पेशींतच उत्परिवर्तन सापडले. ज्यांना हाडात एखादीच गाठ होती, त्यांच्यात ते गाठीपुरते मर्यादित होते. उगमापाशी नदी गढुळली तर सारे पाट गढूळ होतात आणि एखाद्या पाटातच माती पडली तर तेवढेच शेत बिघडते, तसे हे. लेटरर आणि सीवे यांची बाळे, हँड-श्युलर-ख्रिश्चन यांची मुले आणि न्यूयॉर्कच्या हाडातील एकाकी गाठी यांच्यातील फरक बव्हंशी चूक वंशवृक्षाच्या कोणत्या पायरीवर झाली, एवढाच होता. फार्बर यांचे १९४१ सालचे अनुमान खरे ठरले.

लँगरहान्सचे नाव मात्र अडचणीत आले. २०१० साली झालेल्या जनुकीय तुलनेत या आजारातील पेशी त्वचेतील खऱ्या लँगरहान्स पेशींपेक्षा अस्थिमज्जेतून येणाऱ्या अपक्व वृक्षाकार पेशींच्या जवळच्या ठरल्या. त्वचेतील लँगरहान्स पेशी तर भ्रूणावस्थेतच तिथे येऊन बसतात आणि पुढे आपली संख्या आपणच राखतात. म्हणजे लँगेरिनचा बिल्ला छातीवर लावलेला, पण घराणे दुसरे. सोन्याच्या क्लोराइडाने लँगरहान्स यांना दाखवलेल्या पेशीचे नाव असे दुसऱ्याच पेशीच्या आजाराला चिकटले. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणावे तसे. २०१६ साली वर्गीकरण सुधारताना हे सारे ठाऊक असूनही नाव तसेच ठेवले गेले. डॉक्टर ते ओळखतात, पालक ते शोधतात, आणि वारंवार बदललेले नाव रुग्णाला मदतीपासून दूरही नेऊ शकते.

उत्परिवर्तन सापडल्यावर त्यावर नेम धरणारी औषधेही आली. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेमुराफेनिबला एर्डहाइम-चेस्टर या प्रौढांतील भावंड-आजारासाठी मान्यता दिली. उपचारांना दाद न देणाऱ्या मुलांतही हे औषध वापरले गेले. कित्येकांचा ताप आणि सूज काही दिवसांत ओसरली. परंतु औषध थांबवल्यावर बहुतेकांत आजार परतला. बटणाचा परिणाम रोखला गेला होता, बिघडलेले बटण असणाऱ्या पेशी मेल्या नव्हत्या.

मग हा कर्करोग आहे का, हा पालकांचा प्रश्न उरतोच. आजच्या वर्गीकरणात तो अर्बुदांतच मोडतो. तरीही त्याच्या काही गाठी आपोआप विरतात, आणि तेच बीआरएएफ उत्परिवर्तन आपल्या अंगावरच्या निरुपद्रवी तिळांतही आढळते. एका अक्षराची चूक पेशीला कोणत्या वाटेने नेईल, हे ती कोणत्या पेशीत आणि कधी घडली यावर ठरते. 'दाहयुक्त अर्बुद' असा दोन्ही बाजू धरणारा शब्द अभ्यासक वापरतात, तो याचसाठी.

भारतातील पहिले निदान

भारतात या इतिहासाला एक खास अर्थ आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश या देशात आहेत. ज्या मुलाच्या कण्याचा मणका दबला आहे, कानातून महिनोन्महिने पू वाहतो आहे, मानेत गाठी आहेत आणि वजन घटते आहे, त्याच्याबाबत इथल्या डॉक्टरांनी आधी क्षयाचा विचार करणे शहाणपणाचेच आहे. बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. पण क्षयाची औषधे घेऊनही न सुधारलेली आणि शेवटी या आजाराची निघालेली मुले भारतीय बालरोगतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा नोंदवली आहेत. हँड यांनी १८९३ मध्ये केलेली चूक ती हीच.

फरक एवढाच की हँड यांच्याकडे पर्याय नव्हता. आज गाठीचा छोटा नमुना काढून सीडी-१ए आणि लँगेरिनसाठी रंगवणे मोठ्या सरकारी आणि कर्करोग रुग्णालयांत शक्य आहे. २०२१ साली केंद्र सरकारने दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. देशात असे रुग्ण नेमके किती याची पुरेशी आकडेवारी नाही, ही अडचण त्या धोरणातच मान्य केलेली आहे. न ओळखलेला रुग्ण मोजला जात नाही आणि न मोजलेल्या आजारासाठी तरतूद होत नाही. उत्परिवर्तनावर नेम धरणारी औषधे महाग आहेत, त्यांच्या उपलब्धतेचा प्रश्न खरा आहे. मात्र पहिल्या टप्प्याचे उपचार, म्हणजे स्टिरॉइड आणि सदाफुलीतून आलेले औषध, जुने आहेत, त्या मानाने स्वस्त आहेत आणि बहुसंख्य मुलांना वाचवतात.

त्यासाठी वेळेवर शंका यावी लागते. डोक्यावरचा खपल्यांचा पुरळ साध्या मलमाने महिनोन्महिने जात नसेल, कान सतत वाहत असेल, कवटीवर मऊ टेंगूळ आले असेल, किंवा मूल रात्रीतून अनेकदा उठून पाणी मागत असेल आणि त्याच्या रक्तातील साखर मात्र ठीक असेल, तर त्या वेगवेगळ्या तक्रारी एकाच मुलाच्या आहेत हे कोणीतरी लक्षात घ्यायला हवे. त्वचेच्या, कानाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे वेगवेगळ्या कागदांवर नोंदलेली लक्षणे एका टेबलावर आली, तर फिलाडेल्फियातल्या त्या मुलाला जे मिळाले नाही ते आजच्या मुलाला मिळू शकते.